आजचं माप

बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा दप्तर घेतलं.
आत एक टेप, तीन पेन्सिली
आणि सवयीनं राहून गेलेली छाटणीची कात्री.
त्याआधी वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी होते,
ग्लदानीच्या शेवटच्या बसथांब्यापाशी.
गिऱ्हाईक नसे तेव्हा खोकल्याच्या औषधाच्या झाकणांत
टोमॅटोचं बी रुजवायची.
मालक म्हणायचा, नेस्तान,
इथे माणसं बरी व्हायला येतात, चिखल बघायला नाही.

संध्याकाळच्या वर्गात सगळी पोरं माझ्या लेकीच्या वयाची.
रंगांची नावं त्यांना तोंडपाठ:
राख, हस्तिदंत, ओला दगड.
मला त्यातला एक वांग्याच्या देठाखालचा वाटायचा,
पण तसं कुठल्या डब्यावर छापलेलं नव्हतं.
लामाराबाई शिकवायच्या,
दार उघडायला किती जागा, खुर्ची मागे सरायला किती,
स्वयंपाकघरात दोन माणसं
एकमेकांना न घासता जायला किती.
(भांडलेली असतील तर जास्त, मी मनात म्हटलं.)
हे मला नवीन नव्हतं.
कोबीला दीड वीत,
भोपळ्याला अख्खं अंगण.

पहिलं काम ओतियाचं.
तिबिलिसीतल्या जुन्या इमारतीचा चौथा मजला,
लिफ्ट नाणं टाकल्याशिवाय हलत नाही, म्हणून जिन्यानं.
बायको जाऊन दोन हिवाळे झालेले.
कुताईसीहून नातू शिकायला येणार,
तेव्हा बाल्कनी बंद करून खोली हवी:
काचा, पलंग, टेबल. एवढंच.
"आणि ते काढून टाक," म्हणाला,
इझाबेलाच्या वेलाकडे न बघता.
खाली फरशी फोडून झुझुनानं लावलेला,
तारेवरून चार मजले चढून
कठड्यातून आत शिरलेला,
मनगटाएवढा.

मार्च सरत आला होता, छाटणीला उशीरच.
माझा हात आपसूक डोळे मोजू लागला,
एक, दोन,
तिसऱ्याच्या वर तिरका काप.
कापाला पाणी सुटलं.
थेंब कठड्यावर, कठड्यावरून माझ्या टेपवर.
"रडतोय," ओतिया म्हणाला.
मी म्हटलं, मुळं जागी झाली की वेल असंच करतो.
तो आत गेला. बराच वेळ नळ वाहत होता.
परत आला तेव्हा म्हणाला,
"पलंग जरा आखूड चालेल का?
पोरगा काही उंच नाही."

त्या रात्री प्लॅन काढला.
चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल,
त्याभोवती लोकरीची पट्टी, वारा येऊ नये म्हणून.
लामाराबाईंनी चष्मा कपाळावर नेला.
हे काय?
वेल.
माप?
साठ मिलिमीटर, मी लिहिलं,
आणि मापाशेजारी तारीख.
त्या म्हणाल्या, तारीख कागदाच्या कोपऱ्यात असते,
मापापुढे नाही.
उचललेलं लाल पेन त्यांनी थोडा वेळ तसंच धरलं.
मग गुण कापले, दोन.

नातू आला तो ताडमाड निघाला.
पाय पलंगाबाहेर, थेट वेलाला टेकलेले.
सप्टेंबरात निजल्या निजल्या द्राक्षं तोडायचा,
चादरीवर जांभळे डाग,
ओतियाची फोनवर तक्रार, दर रविवारी,
हसू दाबत.
मी तोवर बँकेच्या कचेऱ्या सजवायला लागले होते,
जिथे झाडं प्लास्टिकची असतात
आणि त्यांच्यावरची धूळ पुसायलाही माणूस नेमलेला असतो.
पैसे बरे मिळायचे. खोटं कशाला बोलू.

काल ओतिया वेगळंच बोलला.
"नेस्तान, तुझी चौकट कुरकुरते आहे.
रात्री ऐकू येतं."
सहा वर्षं झाली.
काय कापायचं, हे त्यानं विचारलं नाही,
मीही नाही.

दप्तरात लाकडाची करवत टाकली आहे,
टेप, पेन्सिल.
कात्री खुंटीलाच राहू दिली.
आता गुडघेही बोलतात, तेव्हा
जुन्या कोटाचे खिसे चाचपते आहे,
लिफ्टपुरतं एक नाणं असेल कुठेतरी.